नव्याचे नऊ दिवस, आणि दहावा



मी बडोद्याहून बोलतोय. आमची इथली ही चौथी पिढी. घरात मराठी, बाजारात गुजराती, ऑफिसात हिंदी आणि रविवारी सकाळी सेवउसळ. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, बेंगळुरू, जिथून कुठून तुम्ही हे ऐकताय, तुमचंही थोडंफार असंच असणार.

सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. "उद्यापासून नक्की" हे वाक्य तुम्ही आयुष्यात किती वेळा म्हणालात? उद्यापासून व्यायाम, उद्यापासून अभ्यास, उद्यापासून गोड बंद, उद्यापासून रात्री मोबाइल नाही. आणि तो उद्या किती वेळा उजाडला?

आपल्या भाषेत या रोगाला फार जुनी नावं आहेत. आरंभशूर म्हणतात, नव्याचे नऊ दिवस म्हणतात. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनाही हा रोग होता. मला तर चांगलाच होता.

आजचा विषय आहे स्वसंमोहन, आणि त्याचा शिस्त लावण्यासाठी होणारा उपयोग. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो. त्यामुळे जमा किती, खर्च किती, हे सरळ सांगायची सवय आहे. तसंच सांगतो.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांच्या डाव्या पायाला चपलेचा अंगठा घासला. एवढीशी जखम. आधी बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. त्यानंतर रात्री कधी कधी ते मला हाक मारायचे. म्हणायचे, "अरे, डाव्या अंगठ्याला खाज येतेय." मी शेजारी बसलेला असायचो. खाजवायला काही नव्हतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि तरीही, ४१ व्या वर्षी मला मधुमेह निघाला, डॉक्टरांनी रोज ४० मिनिटं चाला म्हणून सांगितलं, तेव्हा मी चाललो नाही. कमाटीबाग माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. सयाजीराव महाराजांनी बाग करून ठेवली, झाडं लावली, रस्ते आखले. फक्त मला अंथरुणातून उठवायची सोय तेवढी केली नाही!

लोक म्हणतात, भीती वाटली की माणूस सुधारतो. मी सांगतो, भीती तीन दिवस पुरते. चौथ्या दिवशी माणूस भीतीसकट झोपतो.

चार वर्षांत मी सात वेळा सुरुवात केली. तीन वेळा नवीन बूट घेतले. दर जानेवारीत नवीन डायरी. एकदा माझी मुलगी माळा आवरत होती. तिला त्या सगळ्या डायऱ्या सापडल्या. प्रत्येकीत पहिली आठ-दहा पानं भरलेली, पुढे कोरी. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, कोरी पानं मी रफ वहीला घेऊ?" त्या दिवशी मला कळलं की घरात माझ्या शब्दावर आता कोणाचा विश्वास नाही. आणि खरं सांगू? माझाही नव्हता.

मग मी एका शिबिराला गेलो. नाव सांगत नाही, तशी शिबिरं गावोगावी आहेत. दोन दिवस, फी १४ हजार रुपये. अंतर्मनाची अफाट शक्ती, संमोहनाने आयुष्य बदला, वगैरे. मोठा हॉल, अंधार, ढोलासारखं संगीत. आम्हाला डोळे मिटून सडपातळ, यशस्वी, निरोगी असं स्वतःचं रूप बघायला लावलं. लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मीसुद्धा रडलो. घरी आलो तो जग जिंकून.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून चालायला लागलो. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. दहाव्या दिवशी पाऊस आला.

संपलं.

गंमत बघा, नव्याचे नऊ दिवस अक्षरशः नऊच निघाले. मी त्या शिबिरवाल्यांना शिव्या घातल्या, संमोहन म्हणजे थोतांड असं सगळ्यांना सांगत सुटलो. पण थोतांड नेमकं कशात होतं, ते मला पुढे दोन वर्षांनी समजलं.

झालं असं, की माझी पाठ धरली. औषधांनी फरक पडेना, म्हणून डॉक्टरांनी मला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे पाठवलं. त्या दीर्घकाळच्या दुखण्यासाठी संमोहन वापरायच्या. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "मॅडम, संमोहन मी करून बसलोय, १४ हजाराचं." त्या हसल्या. त्यांनी गुजरातीत विचारलं, मी मराठीत सांगतो: "भाई, तुम्ही डोळे मिटून काय बघितलं होतं?"

मी म्हटलं, "बारीक झालेला मी."

"आणि बूट कुठे ठेवले होते?"

मला उत्तर देता येईना. कारण त्या चित्रात बूट नव्हतेच!

मंडळी, या एका प्रश्नावर माझं आजचं सगळं भाषण उभं आहे. पण त्याआधी संमोहन म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो, कारण आपल्या डोक्यात सिनेमातला काळा कोटवाला आणि हलणारं लॉकेट बसलेलं असतं.

संमोहन म्हणजे झोप नाही. मँचेस्टरमधले सर्जन जेम्स ब्रेड यांनी १८४० च्या दशकात हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला, ग्रीक भाषेतल्या झोपेच्या शब्दावरून. पुढे त्यांचं त्यांनाच वाटलं की नाव चुकलं. खरी गोष्ट झोपेची नसून मन एकाच कल्पनेवर एकवटण्याची आहे, म्हणून त्यांनी दुसरं नावही सुचवलं. पण तोपर्यंत पहिलं नाव जगभर झालं होतं. या अवस्थेत तुम्ही जागे असता, ऐकू येतं, नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं. कोणी तुमच्याकडून तिजोरीची किल्ली काढून घेत नाही.

आपल्या देशाचा याच्याशी जुना संबंध आहे. १८४५ साली बंगालमध्ये हुगळी इथे जेम्स एस्डेल नावाचे सर्जन होते. गुंगी आणणारी औषधं तेव्हा आलेली नव्हती. शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी रोगी दाबून धरायचा. एस्डेल यांनी त्या काळच्या मेस्मेरिझमच्या पद्धतीने रोग्यांना त्या अवस्थेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या आणि त्याबद्दल लिहूनही ठेवलं. पण तयारीला वेळ फार लागायचा, आणि लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म आलं. एवढं मात्र खरं, की मनाचं लक्ष एका जागी नेलं की शरीर वेगळं वागू शकतं.

आणि हे सगळ्यांना सारखं जमत नाही. १९५९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात हे मोजायची मोजपट्टी तयार झाली. काही जण चटकन त्या अवस्थेत जातात, काहींना जवळजवळ जमतच नाही, आणि बहुतेक आपण मधले. मीही मधलाच. म्हणून "एका बैठकीत आयुष्य बदलेल" असं कोणी म्हटलं, तर पाकीट घट्ट धरा.

दुखणं, पोटाचे काही जुनाट त्रास, यांत संमोहनाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. सिगारेट सोडण्याच्या बाबतीत पुरावा तितका पक्का नाही. आणि शिस्त? शिस्त संमोहनाने इंजेक्शनसारखी टोचता येत नाही. त्याने तालीम करता येते. नाटकाची असते ना, तशी तालीम.

आता बुटांकडे येऊ.

शिबिरात आम्ही शेवटचा प्रवेश बघत होतो. टाळ्या, हार, बारीक झालेली कंबर. त्याने फार बरं वाटतं, आणि तीच अडचण आहे. न चालताच चालल्याचं समाधान मिळून जातं. १९९९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना रोज चांगले गुण मिळाल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, आणि काहींना आपण अभ्यासाला कसे बसतोय याचं. दुसऱ्या गटाने जास्त अभ्यास केला आणि गुणही जास्त मिळवले.

आणखी एक. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'जर-तर' पद्धतीच्या संकल्पावर बरंच काम केलंय. "मी रोज चालेन" हा ढगातला संकल्प. "अमुक घडलं, की मी तमुक करेन" हा जमिनीवरचा. त्याला घड्याळाचा, जागेचा, आवाजाचा खुंटा असतो. दोर बांधायचा तर खुंटा हवाच.

बाईंनी मला विचारलं, "सकाळी तुमच्याकडे रोज न चुकता काय होतं?" मी विचार केला. पावणेसहाला दारात दुधाच्या पिशव्या पडतात. थप्प असा आवाज होतो. पाऊस असो, सण असो, थप्प. चार वर्षं मी तो आवाज ऐकून कूस बदलत होतो.

मग आम्ही सूचना लिहायला बसलो. मी पहिली लिहिली, "मी यापुढे आळस करणार नाही." त्यांनी खोडली. म्हणाल्या, यात चित्र फक्त आळसाचं आहे. दुसरी लिहिली, "मी रोज एक तास चालतो आणि मी पूर्ण निरोगी आहे." तीही खोडली. म्हणाल्या, "हे तुम्हाला तरी खरं वाटतं का?"

इथे मी गप्प झालो. मला त्या डायऱ्या आठवल्या. प्रत्येक मोडलेला संकल्प मनाला एकच गोष्ट शिकवत होता: हा माणूस बोलतो, करत नाही. अशा मनाला मी रात्री डोळे मिटून कितीही भारी वाक्यं ऐकवली, तर ते कूस बदलणारच. उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार कसा बघतो? तसं माझं मन माझ्याकडे बघत होतं. पत परत मिळवायची तर मोठा चेक देऊन उपयोग नाही. छोटा चेक द्यायचा, पण तो वटला पाहिजे.

म्हणून तिसरी सूचना अशी झाली: "पिशवी दारात पडते, माझे पाय जमिनीवर येतात, मी बूट घालतो." बस. चालण्याचा उल्लेखच नाही! मी म्हटलं, मॅडम, आणि चालायचं कधी? त्या म्हणाल्या, "बूट घालून फाटकापर्यंत जा. तिथून परत यावंसं वाटलं तर या. सूचना पूर्ण झाली."

आता पद्धत सांगतो. रात्री जेवणानंतर तासाभराने, खुर्चीत बसून. पलंगावर नको, झोप लागते. दहा मिनिटं पुरतात.

पहिलं, समोर भिंतीवर एखादा ठिपका धरायचा आणि पापण्या जड होईपर्यंत बघत राहायचं. मग डोळे मिटायचे. दुसरं, वीसपासून एकपर्यंत उलटे श्वास मोजायचे. प्रत्येक श्वास सोडताना एकेक जागा सैल करायची. कपाळ, जबडा, खांदे, तळहात, पोटऱ्या. जबडा विसरू नका, आपली निम्मी जिद्द तिथे आवळलेली असते. तिसरं, एक जिना उतरायचा. मी आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना उतरतो. दहा पायऱ्या, सातवी करकरते. ती मनात करकरली की मला कळतं, आपण पोचलो.

चौथं, मुख्य काम. उद्याची पहिली पाच मिनिटं बघायची, आतून. स्वतःला पडद्यावर बघायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. थप्प आवाज. अंगावरची चादर. फरशीचा गारवा. बुटाची डावी नाडी. आणि हो, अडचणही बघायची. पाऊस पडतोय, अंग जड आहे, मन म्हणतंय आज राहू दे. हे सगळं होऊ द्यायचं, आणि तरी हात नाडी बांधताहेत असं बघायचं. शिबिरातल्या माझ्या चित्रात पाऊस नव्हता, म्हणून पहिल्या पावसात ते वाहून गेलं.

पाचवं, सूचना तीन वेळा, सावकाश, मनात. रोज तीच, शब्द बदलायचे नाहीत. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रेची जी पद्धत शिकवली, तिच्यातही संकल्प असाच छोटा, ठाम आणि दर वेळी त्याच शब्दांत असतो. सहावं, एक ते पाच मोजत वर यायचं, हातपाय हलवायचे, डोळे उघडायचे.

काय झालं? पहिल्या आठवड्यात दोन दिवस मी खरोखर फाटकापासून परत आलो. बायको गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "अहो, काही विसरलात का?" मी म्हटलं, "नाही, झालं माझं." तिला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला! पण त्या दोन दिवसांतही माझी सूचना खरी ठरली होती. चेक वटला होता. तिसऱ्या आठवड्यापासून फाटकातून परत येणं कंटाळवाणं व्हायला लागलं. बूट घातलेच आहेत, तर जाऊन येऊ.

मग दहावा दिवस कधी आला माहिती आहे? सुरळीत सात महिने गेल्यावर. आई आजारी पडली. तेवीस दिवस दवाखाना, आणि मग ती गेली. त्या दिवसांत चालणं नाही, रात्रीची बैठक नाही, काही नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि रोज पावणेसहाला थप्प आवाज यायचा आणि मी छताकडे बघत पडायचो. मनात एकच, संपलं, पुन्हा पहिलं पान. असा दीड महिना गेला.

सवय लागायला २१ दिवस लागतात, असं आपण सगळीकडे ऐकतो. ही गोष्ट पसरली ती मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकामुळे. रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'किमान' गळाला आणि आकडा राहिला. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ निघाला मधल्या हिशेबाने ६६ दिवस, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ पर्यंत फरक. त्यातली मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही, की एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही. माझे एकदोन नाही, दोन महिन्यांच्या वर चुकले होते. पण मला मोडत होते ते चुकलेले दिवस नव्हते. 'आता पुन्हा पहिल्यापासून' हा विचार मोडत होता.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "परत येण्याची तालीम केलीच नाहीये आपण." त्या रात्री मी जिना उतरलो. सातवी पायरी करकरली. त्या घरात आई असायची, त्यामुळे तिथेच थांबलो, बराच वेळ. रडलो. मग नवी ओळ घेतली: "मी थांबलो होतो, तिथून पुढे निघतो." सकाळी थप्प झालं. बूट घातले, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. त्या दिवशी एवढंच जमलं, आणि तेवढं पुरलं.

आता जमाखर्च. सुरुवातीला माझं एचबीएवनसी ९.२ होतं. चौदा महिन्यांनी ७.४ आलं. हे एकट्या संमोहनाने नाही. औषधं चालू आहेत, भात कमी केला, सेवउसळीवर वरून शेव मागत नाही. संमोहनाने फक्त मला दारापर्यंत नेलं. पण माझी अडचण दारापर्यंतचीच होती.

दोन सूचना गांभीर्याने. याच्या जोरावर कोणतंही औषध बंद करू नका. फिट्स येत असतील, भास होत असतील, मनाचा गंभीर आजार असेल किंवा मोठा धक्का बसलेला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला, एकट्याने करू नका. आणि गाडी चालवताना हे ऐकत असाल, तर आता बंद करा, कारण आपण करून बघणार आहोत.

पुस्तकात वाचत असाल तर हा भाग एकदा वाचा आणि पुस्तक बाजूला ठेवा.

पाय जमिनीवर टेकवा. समोर एक ठिपका धरा. बघत राहा. पापण्या जड झाल्या की मिटू द्या. श्वास सोडताना कपाळ सैल. पुढच्या श्वासाला जबडा. मग खांदे. मग हात. घाई नाही. आता तुमच्या ओळखीच्या एखाद्या जिन्याच्या दहा पायऱ्या उतरा, एकेक.

आता उद्याची सकाळ. तुमच्या घरी रोज न चुकता काय होतं? कुकरची शिट्टी, देवळातली घंटा, शाळेच्या बसचा हॉर्न. तो आवाज ऐका. त्या आवाजानंतरची फक्त पहिली हालचाल बघा. पुस्तक उघडणं असेल, गोळी पाण्याबरोबर घेणं असेल, सतरंजी पसरणं असेल. आज राहू दे, असं मन म्हणेल. म्हणू द्या. हात काम करताहेत, ते बघा. आता ते एका वाक्यात तीन वेळा म्हणा. इतकं छोटं वाक्य, की उद्या ते खोटं ठरूच शकणार नाही.

एक, दोन, तीन, चार, पाच. हात हलवा. डोळे उघडा.

मागच्या जानेवारीत मुलीने मला डायरी आणून दिली. मी म्हटलं, "अगं, आता कशाला? तुझ्या रफ वहीला होईल." ती म्हणाली, "नाही बाबा, ही तुम्हीच भरा." आज सकाळपर्यंत एकही पान कोरं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. सतरा पानं कोरी आहेत. पण प्रत्येक कोऱ्या पानानंतर पुढचं पान भरलेलं आहे.

उद्या तुमच्याही दारात काहीतरी थप्प करून पडेल. भेटू.